खदानीच्या शेजारची विहीर : मधल्या दहा वर्षांचं पाणी कुणी मोजलंच नाही, आता पुरावा कुठून आणू?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. इथे दोनतीन वर्षं नुसता वाचक आहे, लिहायला पहिल्यांदाच बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीपासून चारेक किलोमीटर आत. गाव आणि नदीच्या मधोमध कोळशाची ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणलेली, खदान आहे. कुठली, कुणाची ते मुद्दाम लिहीत नाही, मला इथे कुणाशी भांडायचं नाहीये, सल्ला पाहिजे.

वडलांनी १९८४ ला वावरात विहीर खोदली, ४२ फूट. वरचे पंधरा फूट काळी माती आणि मुरूम, तेवढ्याला दगडी बांधकाम, आणि खाली पिवळसर वाळूचा दगड. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, अजून डोळ्यासमोर आहे, कुदळीचा घाव बसला की दगड भुसभुशीत निघायचा आणि थोड्या वेळात त्या खाचेत पाणी गोळा व्हायचं. वडलांची एक सवय होती. दरवर्षी अक्षय तृतीयेला सकाळी मोटर लावायच्या आधी ते विहिरीत उतरायचे आणि पाणी जिथे टेकलंय तिथे दगडावर लाल ऑइलपेंटचा आडवा पट्टा मारून बाजूला वर्षाचे दोन आकडे लिहायचे. ८४, ८५, ८६ असे करत ०९ पर्यंत सव्वीस पट्टे आहेत, अजून स्पष्ट दिसतात. सगळे २१ ते २८ फुटांच्या मधे. म्हणजे ऐन उन्हाळ्यातसुद्धा खाली चौदा फूट पाणी शिल्लक असायचंच.

२००९ च्या पावसाळ्यात ते गेले. मी नोकरीला बाहेर, शेती चुलतभाऊ बघायचा, पट्टा मारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मधल्या काळात खदान आमच्या बाजूला सरकत आली, आज तिची कडा आमच्या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, ९०० मीटरवर आहे. २०१९ ला मी गावी परत आलो. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाणी खाली खाली जातंय आणि यंदा अक्षय तृतीयेला ३९ फुटांवर होतं. मोटर वीस मिनिटं चालते मग हवा मारते, परत पाणी चढायला रात्र जाते. मागच्या वर्षी २१० फूट बोअर मारला, पहिल्या महिन्यात दोन इंची पाणी होतं, आता एकसुद्धा धड नाही.

अर्ज घेऊन गेलो तर कार्यालयातल्या साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं, खदान सरकायच्या आधी विहिरीला किती पाणी होतं त्याचा कागद आहे का? माझ्याकडे पट्टे आहेत पण २००९ पर्यंतचे, पुढची दहा वर्षं कोरी. मग विचारलं, या काळात गावात बोअर किती झाले? खरं तेच सांगितलं, तीसचाळीस झाले. त्यावर ते म्हणाले मग खदानीनेच आटलं कशावरून. मला उत्तर देता आलं नाही आणि ते अजून मनातून जात नाही.

माझे प्रश्न दोनच. खदानीमुळे विहीर आटते ती नेमकी कशी? आणि ते आज सिद्ध करता येतं का?

पऱ्हाटी
भाऊ, तुमी जे लिवलं ते आमच्या इकडच्या पाचसहा गावाईत घरोघरी हाय. आमचं वावर राजुरा साईडले. ज्याची जमीन खदानीत गेली त्याले मोबदला भेटला, दोन एकरामागं घरातल्या एकाले नोकरी भेटली, पोरं क्वार्टरमंधी राहाले गेली. ज्याची जमीन धुऱ्याच्या इकडं राहिली त्याच्या नावानं सातबारा हाय, वावर हाय, फक्त पाणी नाही. त्याले कोनत्याच यादीत धरत नाहीत. माह्या सासऱ्यानं संत्र्याची ३०० झाडं तोडली स्वतःच्या हातानं, त्याचा एक रुपया कोनी देल्ला नाही कारन झाड वाळलं त्याले "संपादन" म्हनत नाहीत.

भूजलमास्तर
वर्धाकाठ, धागा काढलात ते फार बरं केलं. मी भूगर्भशास्त्र शिकवतो, नागपुरात असतो, वर्धा खोऱ्यात विद्यार्थ्यांना घेऊन बरंच फिरलोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो, जरा लांब होईल.

तुम्ही लिहिलंत ना पिवळसर भुसभुशीत वाळूचा दगड, खाच केली की पाणी जमायचं, तो बहुतेक कामठी वाळूखडक. वर्धा खोऱ्यात वरून खाली साधारण असा क्रम लागतो: काळी माती किंवा नदीचा गाळ, काही ठिकाणी मधे काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, मग हा कामठी, त्याच्या खाली बराकर, कोळसा असतो तो या बराकरमधे, आणि सगळ्यात खाली तालचीर. कामठी खडक पाणी धरायलाही चांगला आणि पुढे सोडायलाही चांगला, बेसॉल्टच्या मानाने कितीतरी उदार. म्हणूनच तुमच्या वडलांना ४२ फुटांत एवढी जिवंत विहीर मिळाली.

आता गंमत नाही तर दुर्दैव असं की कोळसा या पाणी धरणाऱ्या खडकाच्या खाली आहे. कोळशापर्यंत जायचं तर वरचा सगळा कामठी कापून बाजूला काढावा लागतो, बाहेर जे मातीचे डोंगर दिसतात त्यात कालपर्यंत पाणी धरून बसलेला खडकच आहे. खड्डा पाण्याच्या पातळीच्या खाली गेला की चहूबाजूंनी कापलेल्या कडांमधून पाणी आत यायला लागतं, आणि खाली मशिनं चालायची तर ते सतत उपसावंच लागतं. मग त्या परिसरात सगळ्यात खालची जागा नदी राहत नाही, खदानीचा तळ होतो. पूर्वी तुमच्या गावाखालचं पाणी सावकाश नदीकडे सरकत होतं, तुमची विहीर त्या वाटेवरची. आता वाटेत खड्डा आहे. खदानीभोवती जमिनीखालच्या पाण्याला बशीसारखा उतार पडतो, कडेला सगळ्यात खोल आणि लांब जाल तसा उथळ, आणि खड्डा खोल होत जाईल, उपसा चालू राहील तशी ही बशी रुंदावत जाते. उथळ विहिरी आधी जातात, मग कमी खोल बोअर.

उपसा म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून नुसता हिशेब करून दाखवतो, कुठल्याही एका खदानीचा हा आकडा नाही. सेकंदाला १०० लिटर काढणारे पंप दिवसात २० तास चालले तर ७२ लाख लिटर होतात. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे, म्हणजे एक लाख तीस हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बशी म्हटलं तरी ती गोल गरगरीत नसते. या खोऱ्यात खडकाला जागोजागी भ्रंश आहेत, म्हणजे खडक तुटून वरखाली सरकलेला आहे, काही भ्रंश पाणी अडवतात काही वाट देतात. शिवाय वाळूखडकात मधेमधे चिकणमातीचे थर असतात, एखादी विहीर त्या थराच्या वरच्या पाण्यावर जगते. त्यामुळे खदानीला लागून असलेली विहीर भरलेली आणि दोन किलोमीटरवरची कोरडी असंही होतं, आणि असं एक उदाहरण दाखवून सगळ्यांचं म्हणणं खोडलं जातं.

जुना_ओव्हरमन
मी एकतीस वर्षं कोळशात काढली, आधी भूमिगत मग ओपनकास्ट, आता निवृत्त. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

पाणी उपसणं ही हौस नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाळ्याला खदानीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा ट्रेनिंगमधे पहिल्यांदा तेच शिकवायचे. पाण्याचा विश्वास धरू नको. दुसरं, खदानीत जे पाणी दिसतं ते सगळं जमिनीतलं नसतं, पावसाळ्यात पाच महिने सम्पमधे, म्हणजे तळाच्या पाणी साठवायच्या खड्ड्यात, साचतं ते बरंचसं आभाळातलं. तिसरं, उपसलेलं पाणी कुठेतरी जातंच ना, आधी गाळ बसायच्या टाक्यात आणि मग नाल्यात, आणि त्या नाल्याकाठचे शेतकरी उन्हाळ्यात त्याच पाण्यावर भाजीपाला घेतात, त्यांच्या विहिरींना पाणी वाढलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि चौथं, बोअरचा मुद्दा खोटा नाही हो, ठिबक आलं आणि एकेका एकरात बोअर झाले.

पण जे खरं आहे तेही सांगतो. एप्रिल आणि मे महिन्यात पाऊस नसतो. त्या दोन महिन्यांत पंप जे ओढतो ते जमिनीतूनच झिरपलेलं असतं, दुसरीकडून येणारच कुठून. आणि कुठला पंप किती तास चालला याची नोंद शिफ्टवार ठेवावी लागते. मी स्वतः लिहिलीये. ज्याला कळून घ्यायचंय त्याने वर्षाचा आकडा मागू नये, त्यात पाऊस मिसळतो आणि सगळं गढूळ होतं. फक्त एप्रिलमेचे पंपाचे तास आणि पंपाची क्षमता मागा, दहा वर्षांची. खड्डा तुमच्याकडे सरकला तसे उन्हाळ्यातले तास वाढले का ते कागदच बोलेल.

वर्धाकाठ
काका, राग कसला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एप्रिलमे वेगळं काढायचं हे डोक्यात आलंच नसतं.

पऱ्हाटी
ओव्हरमन काका, नाल्याच्या पान्याचं तुमी बराबर बोलले, पन ते पानी खदान चालू हाय तवरच. आमच्याकडं एक बंद झाली तर नाला त्याच उन्हाळ्यात कोरडा पडला, अन् विहिरी तर आधीच गेल्या होत्या.

सई_टेस्टट्यूब
मी पाणी तपासणीच्या कामात आहे, चंद्रपूर-यवतमाळ दोन्हीकडे फिरते. सगळे पाणी किती यावरच बोलतायत, पाणी कसं यावर थोडं लिहिते कारण बायका मला पहिल्यांदा तेच सांगतात. "मॅडम, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही." हे जडपणाचं लक्षण. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक बेताचं असतं त्यामुळे मेघालयातल्या खाणींसारखं पिवळंलाल आंबट पाणी, मासे मेलेत, नदीचा रंगच बदललाय असं चित्र इकडे सहसा दिसत नाही. पण खडक फोडून ढीग लावले, त्यावर हवा आणि पाऊस पडला की गंधकाचं सल्फेट होतं आणि क्षार विरघळतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तरी सल्फेट आणि जडपणा मापाबाहेर असू शकतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सल्फेटला लिटरमागे २०० मिलिग्रॅम म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. जडपणा २०० आणि ६००.

ऑनलाइन मिळतं ते टीडीएस मीटर घेऊन कृपया निष्कर्ष काढू नका, ते एकूण क्षार सांगतं, कुठले ते नाही. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत खोल पाण्यात फ्लोराइड आहे, ते खडकातूनच येतं, त्याचा दोष खदानीला देऊ नका. पण क्रम बघा कसा लागतो. उथळ विहीर आटली की माणूस २०० फूट बोअर मारतो, आणि उथळ विहिरीच्या गोड्या पाण्यावर वाढलेलं घर अचानक खोलातल्या पाण्यावर जातं, ते पाणी तिथल्या खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं. फ्लोराइड १.५ च्या वर गेलं की लहान पोरांच्या दातांवर खडूसारखे आणि मग तपकिरी पट्टे, आणि वर्षानुवर्षं तेच प्यायलं तर मोठ्यांचे सांधे आखडतात. एका शाळेत मी पाचवीच्या पोरांना आ करायला लावलं होतं. ज्यांच्या घरी अजून विहीर चालू होती आणि ज्यांच्या घरी बोअर होता, बाकावर बसल्याजागी दातांवरून वेगळे काढता येत होते. तुमच्या बोअरचं पाणी घरात प्यायला वापरता का? आधी तपासा, आजच. जलजीवनमधे प्रत्येक गावात पाच बायकांना टेस्टिंग किट चालवायला शिकवायचं ठरलेलं आहे, तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा किट कुणाकडे आहे.

वर्धाकाठ
ताई, बोअरचंच पाणी पितो. धाकटी नऊ वर्षांची आहे. उद्या पहिलं हेच काम.

टुवूंबाकर
ऑस्ट्रेलियातून लिहितोय, मूळचा वर्ध्याचा, पंधरा वर्षं क्वीन्सलँडमधे आहे. इकडे थोडं वेगळं पण सख्खंच प्रकरण चालू आहे म्हणून राहवलं नाही.

इकडे कोळसा न काढता कोळशातला गॅस काढतात. मिथेन कोळशाच्या थरात पाण्याच्या दाबाने दडपून बसलेला असतो, बोअर मारून थरातलं पाणी उपसलं, दाब कमी केला की गॅस सुटतो. म्हणजे गॅस काढायचा पहिला टप्पाच मुळी पाणी काढणं. (भारतातही हे होतं, राणीगंजला २००७ पासून आणि मध्यप्रदेशात शहडोलकडे सोहागपूरला.) वर येणारं पाणी बहुधा खारट आणि सोडियमवालं, आपल्या काळ्या मातीसारख्या चिकण जमिनीला ते सरळ दिलं तर जमीन चोपण होते, पाणी मुरतच नाही. इकडेही काळी माती आहे, कापूससुद्धा पिकतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरची आठवण आली.

पण सांगायचं वेगळंच आहे. इथल्या पाण्याच्या कायद्याने पुराव्याचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावरून बराचसा उतरवलाय. कंपनीने काम सुरू करायच्या *आधी* आसपासच्या शेतकऱ्यांच्या बोअरची पाहणी करून खोली, पातळी, पाण्याचा गुण सगळं नोंदवायचं, कंपनीच्या खर्चाने. मग एक स्वतंत्र सरकारी कार्यालय सगळ्या कंपन्यांचा उपसा एकत्र धरून मॉडेल चालवतं आणि दर तीन वर्षांनी सांगतं की पुढे कुठल्या बोअरची पातळी किती उतरेल. घट्ट खडकातल्या पाण्याला ५ मीटर आणि सुट्या गाळातल्याला २ मीटर, एवढा उतार दिसला किंवा मॉडेलने वर्तवला की कंपनीला शेतकऱ्याशी भरपाईचा करार करावा लागतो, बोअर खोल करून द्या, नवा द्या, दुसरं पाणी द्या नाहीतर पैसे द्या. विहीर आटायची वाट बघत बसायची नाही. सगळं गोडच आहे असं अजिबात नाही, करारात काय लिहायचं यावरून शेतकरी वर्षानुवर्षं वकिलांकडे खेटे घालतात, आणि कोंडमाइन नदीत मिथेनचे बुडबुडे येत होते ते कशामुळे यावर लोक कितीतरी वर्षं भांडले. पण वर्धाकाठ, तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला, आधीचा कागद आहे का, तो इकडे शेतकऱ्याला विचारत नाहीत. तो कागद करणं कंपनीचं काम असतं.

पऱ्हाटी
हे वाचून दोन मिनिट गप बसून राहिलो भाऊ.

तारीखपेतारीख
मी वकील, वरोऱ्याजवळची. टुवूंबाकर दादा, आपल्याकडे एवढं नेटकं नाही, पण अगदी काहीच नाही असं नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून सविस्तर लिहिते.

कोळसा खदानीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते, २००६ च्या अधिसूचनेखाली. त्या मंजुरीपत्राला अटींची यादी जोडलेली असते. ओपनकास्टच्या पत्रांमधे दोन अटी अगदी नेहमीच्या आहेत. एक, आसपासच्या विहिरींची पातळी आणि गुणवत्ता वर्षातून चारदा मोजायची, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी, त्यासाठी विहिरींचं जाळं ठरवायचं आणि नवे पिझोमीटर म्हणजे निव्वळ पातळी मोजायचे बोअर घालायचे. दोन, आणि ही पाठ करून ठेवा: खदानीच्या उपशामुळे गावातल्या विहिरी आटल्या तर त्या गावाची पाण्याची गरज प्रकल्पाने भागवायची. ही मेहेरबानी नाही, मंजुरीची अट आहे.

तेव्हा वर्धाकाठ भाऊ, "आधीचा कागद आहे का" हा प्रश्न तुम्ही उलटा विचारू शकता. तुमच्या पत्रात ही अट असेल तर तुमच्या गावच्या विहिरी चारदा मोजल्या का, कुठल्या मोजल्या, आकडे दाखवा. दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, मंत्रालयाचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे, मंजुरीपत्र मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधता येतं, नाही सापडलं तर माहितीच्या अधिकारात मागा. शिवाय भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं वेगळं ना-हरकत लागतं, २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खदानींच्या उपशालाही ते लागू आहे, त्यात किती घनमीटर रोज काढायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. ओव्हरमन काकांनी सांगितलेले एप्रिलमेचे तास या आकड्याशेजारी ठेवून बघा.

एक चूक करू नका. मोघम अर्ज देऊ नका. "आमचं पाणी गेलं, न्याय द्या" याला उत्तर येत नाही. मंजुरीपत्राचा क्रमांक, अटीचा क्रमांक, विहिरीचा गट नंबर, तारीख आणि पातळी, एवढंच एका पानावर. आणि एकट्याचा नको, ग्रामसभेचा ठराव जोडून द्या. पाण्याच्या योजनेसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, २०१५ पासून, पिण्याचं पाणी त्यात प्राधान्याच्या कामांत येतं. पण तो निधी मागताना अटीचा हक्क सोडल्याचं कुठेही लिहून देऊ नका, दोन्ही वेगळं आहे.

भूजलमास्तर
वकीलताईंनी माझं अर्धं काम केलं. आता दुसरा प्रश्न, खदान की बोअर की पाऊस, हे वेगळं कसं करायचं.

तुमची मधली दहा वर्षं कोरी नाहीत. तुमच्या विहिरीत पट्टा मारला गेला नाही एवढंच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गेली पन्नासेक वर्षं तालुक्या-तालुक्यात निरीक्षण विहिरी मोजतेय, वर्षातून चारदा. तुमच्या आसपासची निरीक्षण विहीर शोधा, आणि एक नको दोन शोधा. एक खदानीच्या जवळची, दुसरी त्याच खडकात, तेवढाच पाऊस पडणारी, तसेच बोअर झालेली, पण खदानीपासून दहापंधरा किलोमीटर लांबची. पाऊस कमी पडला म्हणून पातळी गेली असेल तर दोन्ही विहिरी एकत्र खाली जातील आणि चांगल्या पावसाच्या वर्षी एकत्र वर येतील. बोअरमुळे असेल तर लांबचीही उतरेल. पण लांबची जागच्या जागी हेलकावे खातेय आणि जवळची चांगल्या पावसाळ्यानंतरही वर यायचं नाव घेत नाही, असं असेल तर कारण जवळ आहे. शिवाय वडलांचे सव्वीस पट्टे वाया जाणार नाहीत. त्या सव्वीस वर्षांत कोरडी वर्षंही आली असतीलच आणि तरी पाणी २८ च्या खाली गेलं नाही, म्हणजे पावसाने तुमची विहीर किती हलते याचं ते मापच आहे. प्रत्येक पट्टा फुटपट्टी धरून फोटोत घ्या, पंचांच्या सह्या घ्या. मी शिकवण्यात इतकी वर्षं काढली, खाजगी विहिरीची एवढी सलग नोंद मी तरी दुसरी पाहिली नाही.

आणि आजपासून मोजायला लागा, गावातल्या निदान दहा विहिरी. खदानीकडची, मधली, उलट्या बाजूची, सगळ्या. पद्धत साधी पण चुकवायची नाही. विहिरीच्या काठावर एकच जागा ठरवून तिथे पेंटची खूण करा, दरवेळी तिथूनच मोजायचं, नाहीतर काठ वरखाली असला की फुटाचा फरक पडतो. आदल्या संध्याकाळपासून मोटर बंद, सकाळी लवकर मोजा. मोजायला स्टीलचा टेप, टोकाला वजन, आणि खालच्या दोनतीन फुटांना कोरडा खडू घासून घ्या. टेप पाण्यात थोडा बुडवून खुणेशी पूर्ण फुटाचा आकडा येईल असा धरायचा, वर काढला की खडू जिथपर्यंत ओला झालाय ते वाचायचं आणि धरलेल्या आकड्यातून वजा करायचं. अंधारात डोकावून अंदाज करण्यापेक्षा हे अर्ध्या इंचापर्यंत बरोबर येतं. बोअरलाही हेच चालतं, केसिंगमधे टेप अडकणार नाही एवढं बघा.

जुना_ओव्हरमन
मास्तर, एक भर घालतो. ब्लास्टिंगची वेळपण वहीत लिहा. बांधकाम ढासळलं, दगड सुटून विहिरीत पडले की गाळ वाढतो आणि खोली कमी होते, मग पाणी उतरलं की तळ वर आला हे कळत नाही. दरवेळी पाण्याबरोबर तळही मोजा.

आणि भूमिगत खदानीच्या वर राहणाऱ्यांनीही हे करावं. २०२२ च्या ऑगस्टमधे घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनं भूमिगत काम होतं. बंद खदानीत पाणी परत भरतं, पातळी वर येते, ते चांगलं वाटतं पण आतले खांब भिजत असतात. पाणी चढतंय का उतरतंय, दोन्ही कळलं पाहिजे.

वर्धाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

सईताई, बोअरचं पाणी तपासलं, फ्लोराइड मापाच्या वर आलं. त्या दिवसापासून घरात प्यायला ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी आणतोय, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत अशा अकरा घरांचे नमुने दिलेत.

वकीलताई, मंजुरीपत्र सापडलं. अट आहे. अगदी तुम्ही लिहिली तीच. मी ते पान तीनदा वाचलं. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मागे बसलेल्या म्हातारबुवांनी विचारलं, हे कधीचं आहे? मी तारीख सांगितली. त्यावर कुणी काही बोललं नाही बराच वेळ. ठराव झाला, विहिरी मोजल्याचे आकडे आणि एप्रिलमेचे पंपाचे तास दोन्ही माहितीच्या अधिकारात मागितलेत.

मास्तर, दोन निरीक्षण विहिरींचे आकडे मिळाले, जवळची आहे पण ती खदानीपासून सहा किलोमीटरवर आहे, लांबची सतरा. कागद तुम्हाला मेसेज केलेत, बघून सांगा, मला जे दिसतंय तेच खरं आहे का याची खात्री नाही.

मोजणी सुरू केली. काल पहाटे साडेपाचला मी, चुलतभाऊ आणि धाकटी असे निघालो, खडू तिच्या शाळेच्या दप्तरातला. चौदा विहिरी ठरवल्या होत्या, तेरा झाल्या. चौदाव्याचे मालक आमच्याच भावकीतले, त्यांचा मुलगा खदानीत कंत्राटी गाडीवर आहे, ते म्हणाले माझी विहीर मोजू नका, पोराची नोकरी जाईल. मी टेप गुंडाळला आणि परत आलो. त्यांची विहीर खदानीच्या सगळ्यात जवळ आहे. त्यांच्याशी काय बोलावं, कुणी या प्रसंगातून गेलं असेल तर सांगा.

पऱ्हाटी
गेलो हावो भाऊ. आमच्याकडं पन असंच झालं होतं. वहीत नाव नाही लिवायचं, नुसता नंबर लिवायचा, अन् मोजाले त्याइच्याच घरच्या मानसाले टेप द्यायचा, आपन काठावर पन जायचं नाही. आमच्या त्या घरात म्हातारी मोजते, दर अमावस्येले, अन् आकडा फोनवर सांगते.

वर्धाकाठ
त्यांच्या घरीही काकू आहेत. संध्याकाळी जाऊन येतो, खडू आणि टेप सोबत नेतो.